लिफ्ट किटनंतरची थरथर: अलाइनमेंटच्या दुकानात जाण्याआधी काय तपासावे

मारुतीच्या जिप्सीला किंवा जिम्नीला दोन इंचांची लिफ्ट किट, म्हणजे गाडीची उंची वाढवणारे भाग, बसवून गाडी घरी आणली की पहिला दिवस फोटो काढण्यात जातो. दुसऱ्या दिवशी हायवेवर काटा ऐंशीकडे सरकतो आणि स्टिअरिंग हातात बारीक थरथरू लागते, किंवा गाडी रस्त्यावर तरंगल्यासारखी वाटते आणि सरळ चालवण्यासाठी सतत डावे-उजवे करत राहावे लागते. बहुतेक नवीन मालक तिथून थेट अलाइनमेंटच्या दुकानात जातात. तिथला मुलगा टाय रॉड (पुढची दोन चाके जोडणारा दांडा) फिरवून टो (चाकांची तोंडे आत किंवा बाहेर किती वळली आहेत ते माप) बरोबर करून देतो, पडद्यावरचे दोन आकडे हिरवे होतात, पैसे दिले जातात आणि आठवड्याभरात त्रास पुन्हा सुरू होतो. त्या मुलाचा यात फारसा दोष नसतो, कारण उंची वाढवल्याने जे बिघडलेले असते त्यातला टो हा सर्वांत छोटा भाग असतो. अलाइनमेंट ही या कामाची शेवटची पायरी आहे आणि तिच्याआधीच्या पायऱ्या कोणत्या, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

येथे मुख्यतः पुढे-मागे ठोकळ ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच सलग नळी, असलेल्या गाड्यांचा विचार केला आहे. जिप्सीत हे ॲक्सल पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसवलेले असतात, तर जिम्नीत कॉइल स्प्रिंग, दोन लांब आर्म आणि एक आडवा पॅनहार्ड रॉड अशी रचना असते. थारची पुढची बाजू वेगळी असल्याने तिच्याविषयी शेवटी थोडक्यात लिहिले आहे.

उंची वाढल्यावर नेमके काय फिरते

सायकलचा पुढचा फोर्क सरळ उभा नसतो, तो वरच्या बाजूने मागे झुकलेला असतो, आणि हात सोडूनही सायकल सरळ नेता येते त्यात या झुकावाचा मोठा वाटा असतो. गाडीत याच झुकावाला कॅस्टर म्हणतात. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मध्यावर परत येते ते कॅस्टरमुळे. जिम्नीचा पुढचा ॲक्सल ज्या आर्मवर घट्ट धरलेला असतो तो आर्म मागे चासीला जोडलेला असतो. स्प्रिंग लांब केली की चासी वर जाते, आर्म खाली कलतो आणि त्याच्याबरोबर अख्खा ॲक्सल फिरतो. आर्मची लांबी 800 मिमी धरली आणि उंची 50 मिमीने वाढवली, तर हा कोन साधारण साडेतीन अंशांनी बदलतो. कंपनीने दिलेला कॅस्टरच मुळात मोजक्या अंशांचा असतो, त्यामुळे साडेतीन अंश गेल्यावर शिल्लक काय राहते ते उघड आहे. तरंगणारी गाडी आणि मध्यावर परत न येणारे स्टिअरिंग ही त्याचीच लक्षणे होत.

जिप्सीत नुसते उंच पाटे लावले तर कॅस्टर फारसा हलत नाही. मात्र स्वस्तात काम व्हावे म्हणून लांब शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक चासीला जोडणारी कडी, लावली, तर ज्या टोकाला शॅकल आहे ते टोक खाली ढकलले जाते आणि ॲक्सल फिरतो. शॅकल पुढच्या टोकाला असेल तर कॅस्टर घटतो. केवळ लांब शॅकलवर गाडी उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पॅनहार्ड रॉडचे गणित याहून वेगळे आहे. हा रॉड एका बाजूला चासीला आणि दुसऱ्या बाजूला ॲक्सलला जोडलेला असतो, त्यामुळे उंची वाढली की तो अधिक तिरपा होतो आणि ॲक्सलला एका बाजूला ओढतो. 900 मिमी लांबीच्या रॉडच्या दोन टोकांमधील उंचीचा फरक 60 मिमीवरून 110 मिमीवर गेला, तर ॲक्सल सुमारे 5 मिमी सरकतो. एवढ्याने थरथर येत नाही, पण स्टिअरिंग वाकडे दिसते आणि एका बाजूचा टायर मडगार्डच्या जास्त जवळ येतो.

किट बसवण्याआधी आणि बसवताना

गाडी मूळ उंचीवर असतानाच चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून वहीत लिहून ठेवावे. अलाइनमेंटचा छापील कागद, तोही कॅस्टरच्या आकड्यासह, घेऊन ठेवावा. पुढच्या-मागच्या प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडची ताकद ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) आणि तो दांडा ज्याला जोडतात त्या डिफरेन्शियलच्या तोंडाचा कोन मोबाइलमधील कोनमापकाने मोजावा. हे पंधरा मिनिटांचे काम आहे आणि ते न केल्यास पुढे प्रत्येक आकडा कशाशी ताडून पाहायचा हा प्रश्न पडतो.

बसवताना सर्वाधिक होणारी चूक रबरी बुशांची आहे. आर्म आणि पॅनहार्ड रॉडच्या बुशमधील रबर आतल्या नळीला चिकटवलेले असते आणि ते वळून पीळ घेते. गाडी घोडीवर, चाके लोंबकळत असताना बोल्ट कसले, तर गाडी खाली ठेवल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो. गाडी खोटी उंची दाखवते आणि काही महिन्यांत बुश फाटतात. म्हणून बोल्ट आधी हाताने लावावेत, गाडी चाकांवर उतरवून पुढे-मागे ढकलावी, बंपर दोन-चार वेळा दाबावा आणि मगच टॉर्क रेंचने कंपनीच्या पुस्तिकेतील आकड्याइतके कसावेत. पाट्यांच्या यू-बोल्टना 100 किमी आणि पुन्हा 500 किमीनंतर टॉर्क तपासणी लागते, कारण नवे पाटे एकमेकांवर बसतात आणि यू-बोल्ट ढिले पडतात. ब्रेकचे होज आणि एबीएसच्या तारा चाक पूर्ण लोंबत असताना ताणल्या जात नाहीत ना, हेही त्याच वेळी पाहावे.

कंपन ओळखावे

सर्व थरथर एकसारखी नसते. 195/80 आर15 या जिम्नीच्या मूळ टायरचा व्यास सुमारे 693 मिमी आणि परीघ साधारण 2.18 मीटर असतो, म्हणजे ताशी 80 किमीला चाक सेकंदाला जवळपास दहा वेळा फिरते. चाकाचा तोल बिघडला असेल तर सेकंदाला दहा हिसके येतात. ते स्टिअरिंगवर डोळ्यांना दिसतात आणि जवळपास मोजता येतात. डिफरेन्शियलचे गुणोत्तर चारच्या आसपास धरले तर प्रोपेलर शाफ्ट त्याच वेगाला सेकंदाला चाळीस फेऱ्या मारतो. ही थरथर दिसत नाही, ती सीटमधून आणि जमिनीवरून तळपायांत मुंग्यांसारखी जाणवते. शाफ्टच्या क्रॉसचा (टोकाच्या युनिव्हर्सल जॉइंटचा) कोन चुकला असेल तर प्रत्येक फेरीत दोनदा धक्का बसतो, म्हणजे सेकंदाला ऐंशी, आणि मग ती घुमणाऱ्या आवाजासारखी ऐकू येते.

मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागे कोणी नसताना, ज्या वेगाला त्रास होतो त्या वेगाला गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पाहावी. थरथर थांबली तर इंजिन किंवा त्याच्या माउंटकडे पाहावे. तशीच राहिली तर चाके किंवा शाफ्ट दोषी. ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढत असेल आणि सोडल्यावर बदलत असेल, तर शाफ्टच्या कोनावर संशय घ्यावा. फोर-एच (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) लावल्यावरच येत असेल तर पुढचा शाफ्ट पाहावा, पण ही चाचणी कोरड्या डांबरावर करू नये, कारण मधला डिफरेन्शियल नसलेल्या गाड्यांची सगळी यंत्रणा तिथे आवळली जाते. मातीचा किंवा खडीचा सरळ रस्ता शोधावा.

या सर्वांहून वेगळा प्रकार म्हणजे एखादा खड्डा किंवा पुलाचा सांधा लागताच स्टिअरिंग अचानक जोराने डावे-उजवे झोडपू लागणे. गाडी जवळपास थांबेपर्यंत ते थांबत नाही. असे झाल्यास स्टिअरिंगशी झुंजू नये, ब्रेकवर उभे राहू नये, स्टिअरिंग घट्ट पण स्थिर धरून ॲक्सिलरेटर सोडावा आणि हलक्या ब्रेकने गाडी कडेला घ्यावी. त्यानंतर कारण सापडेपर्यंत ती गाडी हायवेवर नेऊ नये.

स्वस्तातल्या गोष्टी आधी

एकदा ताम्हिणीच्या बाजूला पावसाळी वाटेवर गाडी फिरवून आल्यावर माझी गाडी नव्वदला अशी थरथरली की मी क्रॉस बदलायचे ठरवूनच गॅरेजात गेलो. मेकॅनिकने चाक काढून उलटे ठेवले. रिमच्या आतल्या बाजूला, एका कोपऱ्यात, लाल मातीचा मुठीएवढा गोळा वाळून दगड झाला होता. तो स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून काढला, पाण्याचा फवारा मारला, एवढ्यावर काम झाले. तेव्हापासून माझी पहिली पायरी रिम आतून धुणे ही आहे.

त्यानंतर चारही टायरमधील हवा समान करावी. मड-टेरेन टायरचे बॅलन्सिंग यंत्रावर करून घ्यावे आणि वजने फार लावावी लागत असतील तर टायर रिमवर अर्धा फिरवून पुन्हा बसवण्यास सांगावे. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे आणि ट्रेडजवळ एक खिळा स्थिर धरावा. अंतर कमी-जास्त होत असेल तर टायर किंवा रिम गोल नाही आणि तो दोष बॅलन्सिंगने जात नाही. बाहेरून घेतलेल्या रिमचे मधले भोक हबपेक्षा मोठे असेल तर चाकाला मध्यावर आणण्याचे काम फक्त नटांवर पडते, म्हणून नट चाक हवेत असतानाच, समोरासमोरच्या क्रमाने, थोडेथोडे कसावेत.

ढिलाई शोधणे

या टप्प्यावर घाई करू नये, कारण झोडपणाऱ्या स्टिअरिंगचे मूळ बहुधा येथेच सापडते. गाडी सपाट जमिनीवर, चाकांवर उभी ठेवावी, हँडब्रेक ओढावा आणि चाकांच्या पुढे-मागे दगड लावावेत. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवावे. एकाने आत बसून स्टिअरिंग मध्याच्या दोन्ही बाजूंना थोडे थोडे, पण झटक्याने हलवत राहावे आणि दुसऱ्याने खाली वाकून एकेका सांध्यावर, दोन्ही भागांना एकाच वेळी स्पर्श होईल अशी, बोटे ठेवावीत. डोळ्याला न दिसणारा अर्धा मिलिमीटरचा खेळ बोटाला कळतो. टाय रॉड एंड, ड्रॅग लिंकची (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोके, स्टिअरिंग बॉक्सचे चासीवरील बोल्ट आणि पॅनहार्ड रॉडची दोन्ही टोके या क्रमाने तपासावे.

पॅनहार्डच्या ब्रॅकेटकडे विजेरी नीट लावून पाहावे. बोल्टच्या डोक्याभोवती रंग खरवडून चकाकणारे कडे दिसले, तर बोल्ट तिथे सरकतो आहे आणि भोक लांबट झाले असण्याची शक्यता आहे. असे भोक नुसता बोल्ट कसून बरे होत नाही. ते वेल्डिंगने भरून किंवा जाड वॉशर जोडून पुन्हा नेमक्या मापाचे करावे लागते.

मग पुढचे चाक उचलून वर-खाली धरावे आणि आत-बाहेर हलवावे. खेळ जाणवला तर साथीदाराला ब्रेक दाबून ठेवण्यास सांगून पुन्हा हलवावे. ब्रेकमुळे हब आणि नकल (हब धरणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा भाग) एकमेकांना जखडले जातात, म्हणून खेळ नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग ढिले आहे आणि तसाच राहिला तर किंग पिनचे, म्हणजे नकल ज्यावर वळतो त्या खुंटीचे, बेअरिंग झिजले आहे. या गाड्यांत किंग पिनच्या बेअरिंगचा दाब शिम (पातळ चकत्या) बदलून साधतात. तो कमी पडला की बाकी सगळे नवे असले तरी स्टिअरिंग झोडपते.

अनेक जण या टप्प्यावर जाड स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे हिसके शोषणारा शॉक ॲब्झॉर्बर) विकत घेतात. डँपर लक्षण दाबतो, मूळ तसेच राहते, आणि तो थकला की त्रास पूर्वीपेक्षा मोठा होऊन परत येतो. ढिलाई काढल्यानंतर डँपर लावण्यास माझी हरकत नाही.

मग कोन, आणि त्यांचा क्रम

पहिल्यांदा ॲक्सल मध्यावर आणावा, म्हणजे कमी-जास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड लावून दोन्ही बाजूंचे अंतर समान करावे. पॅनहार्ड आणि ड्रॅग लिंक समोरून पाहिल्यास जवळपास समांतर असले पाहिजेत. एकाचा कोन दुरुस्त करून दुसरा तसाच सोडला, तर प्रत्येक उंचवट्यावर गाडी स्वतःहून वळते.

नंतर कॅस्टर. ठोकळ ॲक्सलवर कॅस्टर बदलण्याची सोय कंपनी देत नाही, म्हणून दुकानात ‘हा ॲडजस्ट होत नाही’ असे उत्तर मिळते आणि ते खरे असते. तो परत मिळवण्यासाठी एका बाजूला सरकलेल्या भोकाचे बुश, वेगळ्या कोनाचे आर्म, किंवा जिप्सीत पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये लोखंडी पाचर वापरतात. ॲल्युमिनियमची पाचर तडकते, म्हणून ती टाळावी. दुकानात कॅस्टर मोजून घेताना चाके फिरत्या तबकड्यांवर ठेवून दोन्ही बाजूंना वळवून मोजण्याचा आग्रह धरावा. घाईत हा भाग गाळला जातो आणि कागदावर जुनाच किंवा रिकामा आकडा येतो.

येथे एक अडचण ध्यानात ठेवावी. पुढच्या ॲक्सलचे नकल आणि डिफरेन्शियल हे एकाच नळीवर बसलेले आहेत. कॅस्टर वाढवण्यासाठी ॲक्सल जितका मागे फिरवावा तितके डिफरेन्शियलचे तोंड खाली वळते आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन वाढतो. म्हणून गेलेला कॅस्टर पुरेपूर परत मिळवण्याचा हट्ट धरू नये. गाडी हायवेवर सरळ धावते आणि स्टिअरिंग मध्यावर परत येते, इतपत पुरे. हब मोकळे असताना टू-एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद असताना) पुढचा शाफ्ट फिरत नाही, त्यामुळे थोडी तडजोड तिकडे चालते.

टो सर्वांत शेवटी घ्यावा आणि तो घरीही मोजता येतो. पुढचे चाक उचलून ट्रेडच्या मध्यावर खडू फासावा, चाक फिरवत खिळ्याने बारीक रेघ ओढावी आणि दुसऱ्या चाकालाही तसेच करावे. गाडी खाली उतरवून मीटरभर पुढे ढकलावी. दोन्ही रेघांमधील अंतर चाकांच्या पुढच्या बाजूला हबच्या उंचीवर मोजावे, तिथे खुणा कराव्यात, चाक अर्धा फेरा फिरेल इतकी गाडी पुढे ढकलून त्याच खुणांवर मागच्या बाजूला मोजावे. दोन मापांतील फरक म्हणजे टो, आणि खुणा त्याच असल्याने वाकड्या रिमचा दोष त्यात शिरत नाही. 693 मिमीच्या टायरवर एकूण एक अंश म्हणजे सुमारे 12 मिमी, त्यामुळे पडद्यावरचे अंश आणि टेपवरचे मिलिमीटर ताडून पाहता येतात.

स्टिअरिंग वाकडे राहिले असेल तर ते ड्रॅग लिंकची लांबी बदलून सरळ करावे. स्टिअरिंगचे चाक काढून दात बदलून बसवू नये. ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत स्टिअरिंगचा कोन सांगणारा सेन्सर असतो आणि त्याचे शून्य चुकले की यंत्रणा नको तिथे ब्रेक लावू शकते. सर्व झाल्यावर स्कॅनर लावून त्या सेन्सरचे शून्य पुन्हा ठरवून घ्यावे.

प्रोपेलर शाफ्ट

क्रॉस कोनात फिरताना त्याच्या पलीकडच्या शाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. 5 अंशांच्या कोनात हा चढउतार अर्ध्या टक्क्याहून कमी असतो, पण 15 अंशांत तो वर-खाली साडेतीन टक्क्यांपर्यंत पोहोचतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तितक्याच कोनात असेल तर तो हा चढउतार पुसून टाकतो. म्हणून साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टवर ट्रान्सफर केसचे (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या पेटीचे) आणि डिफरेन्शियलचे तोंड समांतर हवे आणि दोन्ही कोनांतला फरक एका अंशाच्या आत असावा. पाट्यांच्या गाडीत जोर लावल्यावर मागच्या डिफरेन्शियलचे तोंड वर उचलले जाते, म्हणून ते उभ्या गाडीत एक-दोन अंश खाली ठेवतात.

शाफ्ट काढण्याआधी दोन्ही भागांवर रंगाची सलग रेघ ओढावी. स्लिप जॉइंट (शाफ्टचा लांबी कमी-जास्त होऊ देणारा सांधा) एका दाताने चुकून जोडला तर दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत राहत नाहीत आणि कोन कितीही बरोबर असले तरी गाडी घुमते. क्रॉस हातात घेऊन चारही दिशांना वळवावा. एखाद्या जागी अडकल्यासारखा वाटला तर सुई-बेअरिंगने तिथे खाच पाडली आहे. जिप्सीत ट्रान्सफर केस खाली उतरवून शाफ्टचे कोन कमी करण्याचा उपाय सुचवला जातो. तो लागू पडतो, पण गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमधल्या आखूड शाफ्टचा कोन त्याने बदलतो आणि थरथर तिथे जाऊन बसते. 20 मिमी उतरवून आधी चालवून पाहावे.

थारविषयी थोडके

2020 पासूनच्या महिंद्रा थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे आणि मागे ठोकळ ॲक्सल. पुढच्या डँपरवर बसवलेल्या स्पेसरच्या जाडीपेक्षा चाकाशी उंची जास्त वाढते, कारण डँपर खालच्या आर्मवर चाकापासून आत बसवलेला असतो. त्यामुळे जाड स्पेसर घेतला की कॅम्बर (समोरून पाहिल्यास चाकाचा आत-बाहेर झुकाव) आणि टो दोन्ही हलतात, ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरके होतात आणि चाकाला खाली लोंबण्यास जागा उरत नाही. सांध्याच्या रबरी बूटच्या घड्या एकमेकांना घासत असतील तर उंची जास्त झाली आहे, असे समजावे. 2010 च्या जुन्या थारमध्ये पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे) आहेत. तिथे बोल्ट फिरवून उंची फुकट मिळते, पण त्याबरोबर खालची लोंबही जाते.

मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडीत केलेल्या बदलांवर बंधने घालते. किट विकणारा हे सहसा सांगत नाही, म्हणून विम्याचा आणि आरटीओचा विचार खरेदीच्या आधीच करावा.

सर्व काम झाल्यावर गाडी दोनशे किलोमीटर चालवून उंची पुन्हा मोजावी, कारण नव्या स्प्रिंग थोड्या बसतात, आणि टो त्यानंतरच पक्का करावा. हेडलाइटही खाली वळवून घ्यावेत. हजार किलोमीटरनंतर पुढच्या टायरच्या ट्रेडवरून तळहात आधी आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने कडा टोचत असतील, तर टो अजून चुकलेला आहे आणि खडूची रेघ पुन्हा ओढावी लागणार आहे.